जनरेटर दारात, माणूस खांबावर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी गेली तीस-बत्तीस वर्षे विजेची कामे करतो आहे. परवानाधारक ठेकेदार आहे. घरांचे वायरिंग, पिठाच्या गिरण्या, पोल्ट्री, दवाखाने, मंगल कार्यालये, सगळीकडे कामे केली. आज जनरेटर बसवण्याविषयी बोलणार आहे. ज्यांच्या दारात, सोसायटीत किंवा दुकानामागे जनरेटर उभा आहे, त्यांनी थोडा वेळ काढून ऐकावे. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनीही ऐकावे, कारण शेजाऱ्याचा जनरेटर आपल्या तारांनाही जोडलेला असू शकतो. तो कसा, ते सांगतो.

२००७ सालची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. लग्नाच्या मुहूर्ताला भारनियमनाचे वेळापत्रक कळत नाही, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एका मंगल कार्यालयात मी पंधरा केव्हीएचा डिझेल जनरेटर बसवून दिला होता. काम नीट केले होते. चार पोलचा चेंजओव्हर स्विच, अर्थिंगचे चार खड्डे, सगळे पद्धतशीर. दीड-दोन वर्षे तक्रार नव्हती. मग ऐन लग्नसराईत चेंजओव्हरचा एक पोल जळाला. दुसऱ्या दिवशी मुहूर्त, आणि नवा चेंजओव्हर यायला दोन दिवस लागणार. मालक म्हणाले, ‘काहीतरी तात्पुरतं करून द्या.’ माझ्याकडच्या वायरमनने चेंजओव्हर बाजूला ठेवला, जनरेटरची केबल मेन स्विचच्या पुढच्या टोकांना सरळ जोडली आणि मॅनेजरना बजावले, ‘लाइट गेली की आधी मेन पाडायचा, मगच जनरेटर चालू करायचा.’ संध्याकाळी मी जाऊन ती जोडणी पाहिली. ‘दोनच दिवस आहेत ना,’ असे म्हणालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. ती भारनियमनाची वेळ नव्हती. रस्त्यापलीकडच्या खांबावर दुरुस्ती निघाली होती म्हणून लाइन बंद केली होती, पण कार्यालयात ते कोणालाच ठाऊक नव्हते. मॅनेजर पाहुण्यांत अडकलेले. जनरेटर चालू केला तो स्वयंपाकघरातल्या एका पोऱ्याने. मेन पाडायचा असतो हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. इंजिन सुरू झाले, त्याने ब्रेकर वर केला, इंजिन गुरगुरले आणि ब्रेकर पडला. त्याने पुन्हा वर केला, तो पुन्हा पडला. मग मॅनेजरचा मला फोन आला, ‘साहेब, जनरेटर लोड घेत नाही आणि इकडे पंगत बसायचीय.’ मी त्यांना पहिला प्रश्न ‘मेन पाडलाय का?’ हा विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. म्हणालो, ‘वरच्या खोल्यांतले गीझर चालू असतील, ते बंद करा आणि पुन्हा एकदा मारून बघा.’ त्यांनी पुन्हा एकदा मारून बघितला.

मी पोचलो तेव्हा कार्यालयाच्या पायरीवर एक लाइनमन बसले होते. पन्नाशी उलटलेले. शेजारी डिस्चार्ज रॉड ठेवलेला. मला विचारले, ‘जनरेटर तुम्ही बसवलाय?’ मी म्हणालो, ‘हो.’ ते म्हणाले, ‘तीनदा चालू केला तुम्ही. मी वर होतो.’

त्यांनी ट्रान्सफॉर्मरजवळचे फ्यूज स्वतः काढून ठेवले होते. एखाद्याला तेवढे पुरे वाटले असते. पण तारेला हात लावण्यापूर्वी त्यांनी डिस्चार्ज रॉड अडकवून तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकमेकांना जोडले होते, आणि ते जमिनीलाही जोडले होते. त्यामुळे आमच्या जनरेटरचा प्रवाह त्यांच्या अंगातून न जाता रॉडमधून गेला. ब्रेकर पडत होता तो त्यामुळेच. आम्ही ज्याला ‘लोड घेत नाही’ म्हणत होतो, तो लोड म्हणजे त्या माणसाने घेतलेली खबरदारी होती. आणि तीनपैकी तिसरी वेळ माझ्या सांगण्यावरून झाली होती.

आता हे घडते कसे, ते बघा. आपल्याला वाटते, वीज खांबावरून घरात येते, म्हणजे रस्ता एकाच बाजूचा आहे. तसे नसते. मीटर, मेन स्विच, तार यांपैकी कोणालाच दिशा नसते. आत दाब निर्माण झाला आणि मेन चालू असला, तर वीज तितक्याच सहजपणे बाहेर जाते. पुढे ट्रान्सफॉर्मर आहे. तोही दोन्ही बाजूंनी चालतो. वरून ११ हजार व्होल्ट आले की खाली चारशे-सव्वाचारशे देतो, आणि खालून चारशे दिले की वर ११ हजारांच्या आसपास तयार करतो. म्हणजे तुमच्या ओट्याखाली धडधडणारे यंत्र दोन किलोमीटरवरच्या उच्चदाबाच्या तारेत वीज भरू शकते, आणि ती तार हातात धरलेल्या माणसाला सांगितलेले असते की लाइन बंद आहे.

यावर जाणकार मंडळी म्हणतात, ‘अहो, आजूबाजूच्या घरांचा भार पडला की छोटा जनरेटर दमून आपोआप बंद पडतो.’ बहुतेक वेळा ते खरे असते. पण तार मध्येच तुटलेली असली तर? मग आपल्या बाजूच्या तुकड्यावर फारसा भार राहतच नाही आणि जनरेटर मजेत चालतो. वादळात नेमके हेच होते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत विजेचे असंख्य खांब पाडले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती आणि दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले कर्मचारी अनोळखी वाड्यांत तारा ओढत होते. कोणत्या घरामागे जनरेटर आहे, हे त्यांना कुठून कळणार?

म्हणून जनरेटरच्या कामात पहिले स्थान चेंजओव्हरचे. ही वस्तू अगदी साधी आहे. दांडा एका बाजूला केला की घर मंडळाच्या तारांना जोडले जाते, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरला, आणि मधोमध ठेवला की कशालाच नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जोडले जाणे त्याच्या रचनेतच बसत नाही. ‘आधी हे पाडा, मग ते लावा’ ही सूचना माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असते आणि लग्नघरात कोणाच्या काही लक्षात राहत नाही. सूचनेच्या जागी लोखंडी दांडा हवा. आता लाइट जाताच आपोआप जनरेटर चालू करणारी पॅनेल सर्रास मिळतात. त्यांत दांड्याच्या जागी दोन कॉन्टॅक्टर असतात. तिथे एक आत असताना दुसऱ्याला आत येऊ न देणारा यांत्रिक अडसर आहे का, ते पॅनेल घेतानाच उघडून दाखवायला सांगा. नुसत्या वायरींच्या अडसरावर भागवू नका. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात, मी पाहिले आहेत.

दुकानांत आणखी एक प्रकार दिसतो. छोट्या पेट्रोल जनरेटरची वायर घेतात, तिच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावतात, एक जनरेटरमध्ये आणि दुसरा भिंतीतल्या सॉकेटमध्ये. झाले, सगळे दुकान उजळले! या वायरीचे एक टोक सॉकेटमधून निसटले, तर त्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. लहान मूल ते हातात घेऊ शकते. मेन पाडायला विसरलात तर खांबावरच्या माणसाचा प्रश्न आहेच. ज्यांच्याकडे अशी वायर आहे त्यांनी एक टॉप आजच कापून टाकावा.

चेंजओव्हर कितीला मिळतो हे सगळे विचारतात, किती पोलचा घ्यायचा हे फार थोडे विचारतात. थ्री फेजला चार पोलचा आणि सिंगल फेजला दोन पोलचा घ्यायचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलला पाहिजे. पैसे वाचवायला तीन पोलचा घेऊन न्यूट्रल कायमचा एकत्र बांधून टाकतात. ‘न्यूट्रलमध्ये करंट नसतो,’ हा आपल्या धंद्यातला जुना गैरसमज आहे. भार चालू असताना न्यूट्रलमधून प्रवाह वाहतोच, फक्त त्याचा दाब जमिनीच्या जवळपास असतो, आणि तोही सगळी जोडणी शाबूत असेपर्यंतच. एकत्र बांधलेल्या न्यूट्रलमुळे आपल्याकडचा दोष मंडळाच्या न्यूट्रल तारेवर चढू शकतो. शिवाय तो प्रवाह दोन वाटांनी फुटून जातो आणि आपला आरसीसीबी कधी उगाच पडतो, तर कधी पडायला हवा तेव्हा गोंधळतो.

न्यूट्रल ढिला राहू देणे हे त्याहून महाग पडते. थ्री फेजमध्ये न्यूट्रलचा नट सैल झाला आणि संपर्क तुटला, तर तीन फेजवरचा भार आपसांत ओढाताण करू लागतो. ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब २३० वरून साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकतो. एकाच वेळी घरातले टीव्ही आणि फ्रिज जळाले अशी तक्रार आली, की मी आधी न्यूट्रलच्या लगला हात घालतो. जनरेटर सतत थरथरतो. म्हणून त्याच्या टर्मिनलवर लग नीट दाबून बसवलेले, स्प्रिंग वॉशर लावलेले हवेत, शेवटचा तुकडा लवचिक केबलचा हवा, आणि पहिल्या महिन्यानंतर एकदा सगळे नट पुन्हा आवळायला हवेत. नुसती तार पिळून नटाखाली दाबणारा वायरमन असेल, तर त्याचे उरलेले कामही एकदा तपासा.

आता अर्थिंग. या विषयावर आपल्याकडे जितका विश्वास आहे तितकी समज नाही. लोकांना वाटते, खड्डा खणला, कोळसा-मीठ भरले, पट्टी सोडली, की घातक वीज जमिनीत जाऊन विरते. वीज जमिनीत विरत नाही. ती जिथून निघाली तिथे परत जायला बघते. जनरेटरची वीज जनरेटरच्या वाइंडिंगमधून निघाली, तर ती तिथेच परतणार. अर्थिंग म्हणजे तिला परत नेणारा सोपा रस्ता. तो इतका सोपा हवा, की दोष होताच प्रवाह एकदम वाढावा आणि ब्रेकर तत्काळ पडावा.

थोडे गणित करू. समजा, जनरेटरचा न्यूट्रल एका खड्ड्याला जोडला आहे आणि बॉडी दुसऱ्या खड्ड्याला. दोन्हींत फक्त माती आहे. प्रत्येक खड्ड्याचा रोध चार ओहम, म्हणजे खड्डे चांगलेच म्हणायचे. आता आत एक फेज वायर घासून बॉडीला लागली. प्रवाहाचा रस्ता बॉडीच्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून न्यूट्रलच्या खड्ड्यात. एकूण रोध आठ ओहम. २३० भागिले आठ, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. पंधरा केव्हीएच्या जनरेटरवर साधारण ३२ अँपिअरचा एमसीबी असला, तर तो या २९ अँपिअरला हलणारही नाही. यंत्र चालू राहील आणि त्याच्या पत्र्यावर जमिनीच्या मानाने ११५ व्होल्ट उभे राहतील. डिझेल भरायला येणारा माणूस त्याच पत्र्याला हात टेकून झाकण उघडतो.

दोन्ही खड्डे चांगले असूनही असे झाले, कारण मध्ये माती होती. बॉडी आणि न्यूट्रल यांना जनरेटरपाशीच तांब्याच्या किंवा जीआयच्या पट्टीने जोडले, खड्डेही पट्टीने एकमेकांना जोडले आणि इमारतीची अर्थिंगची तार त्यातच आणली, की परतीचा रस्ता धातूचा होतो. रोध आठ ओहमवरून ओहमच्या लहानशा अंशावर येतो आणि ब्रेकर पडतो. अर्थात ही जोड एकाच जागी, जनरेटरपाशी करायची. पुढे प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधत सुटायचे नाही. आणखी एक. ट्रान्सफॉर्मरच्या मानाने जनरेटरचा जोर कमी असतो, दोष झाला तरी तो बेसुमार प्रवाह देऊ शकत नाही. म्हणून त्याच्या मापाचाच ब्रेकर लावावा आणि माणसांच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही लावावा.

बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन अशा अर्थिंगच्या स्वतंत्र जोडण्या असाव्यात, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते. नंतर आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही ते कायम राहिले. दोन कशासाठी? एक गंजली किंवा कोणी उखडली तर दुसरी असावी म्हणून. एकाच पट्टीला दोन नट मारून ‘दोन अर्थिंग’ म्हणणारे महाभाग मला भेटले आहेत.

खड्ड्याचे म्हणाल, तर अडीच मीटरचा जीआय पाइप ही सर्वसाधारण रीत. दोन पाइप एकमेकांना खेटून पुरले तर दुसऱ्याचा फायदा फार होत नाही. निदान पाइपच्या लांबीइतके अंतर सोडावे. काळ्या मातीत काम सोपे असते, ती ओल धरून ठेवते. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या उघड्या कातळावर मात घाम निघतो. तिथे जास्त पाइप घालावे लागतात आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. पाणी ओतायचे काम कोणाचे, हे सोसायटीच्या बैठकीत कधीच ठरत नाही, हा माझा अनुभव! खड्डा चांगला आहे की नाही, हे बघून कळत नाही. अर्थ टेस्टरने मोजावे लागते, तेही शक्यतो उन्हाळ्यात, जमीन सुकलेली असताना. पावसाळ्यात कोणाचेही अर्थिंग चांगलेच असते. नळाच्या पाइपला अर्थिंग देणे विसरा. पूर्वी पाइप लोखंडी होते, आता मध्येच कुठेतरी प्लॅस्टिक असते.

हातात उचलून नेता येणाऱ्या छोट्या जनरेटरची गोष्ट वेगळी आहे. यांतल्या अनेकांत न्यूट्रल बॉडीला जोडलेलाच नसतो. बाहेर एकच हत्यार त्यावर चालवत असाल तर त्यात मोठा धोका नाही. पण तो चेंजओव्हरवरून घराला जोडला, की घरातला आरसीसीबी शोभेचा उरतो. माणसाला झटका बसला तरी प्रवाहाला अर्थमधून परतायला रस्ताच नाही, म्हणून आरसीसीबीला फरक दिसत नाही. बरे, त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबले तर तो पडतो, कारण ते बटण अर्थवर अवलंबून नसते. त्यामुळे घरमालक निर्धास्त! असा जनरेटर घराला कायमचा जोडायचा असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचे हे त्या यंत्राची पुस्तिका पाहून जाणकाराकडून करून घ्या. आणि तो जिन्याखाली किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसे झोपेतच जातात.

जनरेटरची आणि मंडळाची फेजची क्रमवारी सारखी आहे ना, हे सुरुवातीलाच बघावे. नाहीतर जनरेटरवर पाण्याचा पंप उलटा फिरतो आणि लोक पंपवाल्याला बोल लावतात.

हल्ली छतावर सोलर बसवलेले लोक मला चिडून विचारतात, ‘कडक ऊन आहे, मग लाइट गेल्यावर आमचा सोलर का बंद पडतो?’ मंडळाच्या तारांना जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. तारेत वीज नाही असे दिसताच तो स्वतःला तोडून घेतो. कारण तेच, वर कोणीतरी असू शकते. जे काम त्या इन्व्हर्टरमध्ये कारखान्यातच करून ठेवलेले असते, ते जनरेटरच्या बाबतीत आपल्याला चेंजओव्हर लावून करावे लागते.

त्या दिवशी मी ती केबल तिथेच, लाइनमनच्या समोर सोडवली. दुपारची पंगत उजेडात झाली नाही. मालक दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. लाइनमननी चहा घेतला, तक्रार लिहिली नाही, पण जाताना म्हणाले, ‘साहेब, काम संपलं की बाहेरच्या बाजूला टेस्ट लॅम्प लावून बघत जा.’ तेव्हापासून मी कोणताही जनरेटर बसवला, की शेवटी मीटरजवळचे कटआउट काढतो, चेंजओव्हर जनरेटरवर टाकतो, जनरेटर पूर्ण भारावर चालवतो आणि चेंजओव्हरच्या मंडळाकडच्या चारही टोकांवर, न्यूट्रल धरून, एकेक करून दिवा लावून बघतो. तो दिवा लागता कामा नये. मालकांनाही तिथे उभे करून ते दाखवतो, आणि जनरेटर चालवणारा जो कोणी पोऱ्या असेल त्यालाही.